परत बोलावता न येणारे अस्त्र

9 मार्च 2022 रोजी भारतीय हवाई दलाचे एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कुणी दगावले नाही. चौकशीअंती तीन अधिकारी बडतर्फ झाले. चर्चा शिस्तीची झाली, ती व्हायलाच हवी होती. मला मात्र तेव्हापासून दुसराच प्रश्न छळतो: अशी अस्त्रे आपण कशावर चढवून ठेवायची?

ब्रह्मोसचा वेग आवाजाच्या 2.8 पट, म्हणजे सेकंदाला जवळपास एक किलोमीटर. ते एकदा सुटले की संपले. म्हणून विचार करायला उसंत मिळायची ती सुटण्याआधीच, आणि ती किती मिळेल हे वाहनावर ठरते.

सुखोई-30 एमकेआयवर ब्रह्मोस चढवण्यासाठी नाशिकजवळ ओझरला एचएएल या विमाननिर्मिती कंपनीने विमानाची बांधणी बळकट केली. जमिनीवरचे ब्रह्मोस तीन टनांचे. विमानासाठी ते अडीच टनांवर आणले, तरी पोटाखाली मावते एकच. जून 2016 मध्ये ओझरहून ते घेऊन विमान उडाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये बंगालच्या उपसागरावर त्यातून पहिले क्षेपणास्त्र सुटले. एका क्षेपणास्त्रामागे एक अवजड विमान, दोन वैमानिक आणि एक धावपट्टी. हिशेब करणाऱ्याला हे महागच वाटणार. पण निघालेले विमान अर्ध्या वाटेवरून माघारी वळवता येते. समोर अण्वस्त्रधारी शेजारी असताना या एका सोयीसाठी मी तो सगळा खर्च मान्य करीन.

युद्धनौकेलाही समुद्रात थांबून वाट पाहता येते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ आणि ‘मोरमुगाव’ या विनाशिकांवर प्रत्येकी 16 ब्रह्मोस आहेत. ती संपली की मात्र बंदर गाठावे लागते. पाणबुडीसारखी लपण्याची जागा दुसरी नाही, पण ‘कलवरी’ वर्गाच्या पाणबुड्यांच्या 533 मिलिमीटरच्या नळ्यांत ब्रह्मोस शिरतच नाही. 2013 मध्ये विशाखापट्टणमजवळ त्याची पाण्याखालून चाचणी झाली, तीही बुडवलेल्या तराफ्यावरून.

उरतो ट्रकवरचा लाँचर. तो स्वस्त, झाडीत दडणारा, रोज जागा बदलणारा. लढाईत विमानतळांवर पहिले घाव पडतात, तेव्हा प्रत्युत्तर देऊ शकेल असे काहीतरी हाताशी हवेच. लाँचर नकोत असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप ते सीमेला खेटून उभे करण्याला आहे. तिथे शत्रूला आपला इशारा आणि आपली चूक यांतला फरक ओळखायला मोजकी मिनिटे मिळतात, आणि त्या मिनिटांत तो वाईटातले वाईटच गृहीत धरणार.

12 नोव्हेंबर 2024 रोजी चांदीपूरला फिरत्या लाँचरवरून नव्या लांब पल्ल्याच्या क्रूझ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. त्याचा पल्ला हजार किलोमीटरचा, आणि वेग आवाजाहून कमी. पूर्ण पल्ला कापायला तासाहून अधिक वेळ लागतो. अनेकांना हा मंदपणा उणीव वाटतो. मला तो मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे शत्रूला विचार करायला वेळ मिळतो; शिवाय लांब पल्ल्यामुळे असा लाँचर सीमेपासून दूर, माळव्यातही उभा करता येतो. ही क्षेपणास्त्रे तैनात होतील तेव्हा एवढ्या पल्ल्याचा पहिला उपयोग लाँचर मागे नेण्यासाठी व्हावा, आणि पहिला मारा करण्याचे काम विमाने व नौकांकडेच राहावे.