मदत की मजुरी?



आपल्या भंडारा जिल्ह्यात विड्या वळण्याचे काम घरोघरी चालत आले आहे. मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशोबाने. आईशेजारी बसून तेंदूपाने कापणाऱ्या मुलीला आपण गुणी म्हणतो. पण त्यापायी तिची शाळा सुटली तर?

१९८६ च्या कायद्याने मुलांकडून विड्या वळून घेण्यास बंदी घातली, मात्र घरच्यांसोबतच्या कामाला तेव्हा सूट दिली. कायदा उंबरठ्यावर थांबला; शेजाऱ्यांनीही थांबावे काय?

आईला दोष देऊन भागणार नाही. हजार भरले नाहीत तर चूल कशी पेटेल? एक संस्था वह्या देते, दुसरी बचत गट चालवते. सिहोरा, तुमसर, बालाघाटकडील संस्थांनी एकमेकींना कळवले, तरच मुलीला शाळा आणि आईला आधार एकदम मिळेल.

आपल्या गल्लीतले कोणते मूल वर्गात दिसत नाही, एवढे तरी आपण या आठवड्यात पाहू या.