उरलेल्या अन्नाचं पुण्य

लिऑनमधल्या एका अन्नपेढीत मी शनिवारी भाज्या निवडते. सुपरमार्केटांतून आलेल्या क्रेटमधले मऊ पडलेले टोमॅटो बाजूला काढायचे, धड असलेले पिशवीत भरायचे, दह्याच्या डब्यांवरची तारीख बघायची. हे करताना मला कठोपनिषदातला नचिकेता आठवतो. वडील यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गाई देत होते आणि त्या पोराला ते सहन झालं नाही. आपल्याला नकोसं झालेलं देऊन टाकणं, याला दान म्हणायचं का?

इथे तर त्यामागे कायदा आहे. २०१६ पासून फ्रान्समधल्या ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगा माल मुद्दाम नासवता येत नाही. तो देण्यासाठी संस्थांशी करार करावा लागतो. त्याआधी काही दुकानं टाकलेल्या अन्नावर ब्लीच ओतत. शिवाय दिलेल्या मालावर करसवलतही मिळते. सक्ती आणि सवलत असताना पुण्य कुठून येणार?

मला वाटतं, इथे पुण्य शोधूच नये. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात, पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क. त्याहून जास्तीला आपलं म्हणणारा चोर. या न्यायाने दुकानदार दाता नव्हे, तो देणेकरी आहे. मग पिशवी न्यायला आलेल्या बाईने मान खाली का घालावी? आणि देणं फेडायचं, तर त्यात नासका टोमॅटो चालणार नाही. नचिकेत्याचा हट्ट आपण इथेच धरायला हवा.