तळ बदलल्यावर होडी तीच राहते का?



तळेगावहून समुद्र पाहायला जायचे तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. आपल्याला होडी माहीत ती फार तर अप्पर वर्धा धरणातल्या मासेमारांची. तरीही आज मी शिडाच्या होडीविषयी लिहिणार आहे, आणि तीही प्लायवूडच्या. विषय परका वाटला तर घरची बंडी आठवा. आजोबांनी करवून घेतलेल्या बंडीची चाके वडिलांनी बदलली, आख तुम्ही बदलला, जू किती वेळा बदलले याचा हिशेब नाही. तरी ती ‘आजोबांची बंडी’च. तिच्यात आजोबांच्या वेळचे काय उरले, असे कोणी विचारले तर आपल्याला राग येतो. उत्तर मात्र सुचत नाही.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवून केलेली फळी. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात न सुटणारे डिंक सहज मिळू लागले आणि साध्या पगारदाराला शिडाची होडी परवडू लागली. फायरबॉल नावाची अशी एक होडी पीटर मिल्न यांनी १९६२ मध्ये प्लायवूडसाठीच आखली. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतल्या नौकाशर्यती मुंबईला झाल्या, तेव्हा या फायरबॉल प्रकारातले सुवर्णपदक फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला मिळवून दिले. त्या पिढीतल्या प्लायवूडच्या होड्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांचे दुखणे बहुतेक तळाशी असते.

गंमत अशी की त्यांना समुद्रापेक्षा पावसाचे पाणी जास्त छळते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, तशी हवाही लागते. जुन्या विहिरींच्या तळाशी बसवलेले जांभळीचे लाकूड पाण्यात कायम बुडालेले असते म्हणून वर्षानुवर्षे टिकते. खारे पाणीही बुरशीला फारसे मानवत नाही. पण किनाऱ्यावर ताडपत्रीखाली ठेवलेल्या होडीत चार तांबे पावसाचे पाणी साचून राहिले, की ते फळीच्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून आत झिरपते. डिंक धरून राहतो आणि आतला पापुद्रा पिठासारखा होतो. वरून रंग चकचकीत! म्हणून जाणता कारागीर रंगाकडे बघत नाही. तो मुठीने ठोकून आवाज ऐकतो, टोच्या खुपसून पाहतो.

मग होडी पालथी घालायची. इथे घाई करणारा फसतो. तळ काढण्याआधी होडीच्या दोन्ही बगलांना आतून-बाहेरून आधार द्यावा लागतो, कारण तळ निघाला की बगला फाकतात, पिळतात. आणि त्या पिळावर नवा तळ बसला तर तो पीळ जन्मभराचा. जुना तळ शक्यतो अखंड काढतात आणि नव्या फळीवर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवतात. बाजारातली फळी आठ फुटांची, होडी त्याहून लांब. म्हणून दोन फळ्यांची टोके तिरकी तासून एकमेकींवर चिकटवतात. सहा मिलिमीटरच्या फळीला हा उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ४८ मिलिमीटर ठेवतात. थोडाच तळ बदलायचा असला तरी कुजलेल्या जागेपाशी थांबून चालत नाही. निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचे आणि जोडासाठी त्यातलेही थोडे तासायचे. चांगले लाकूड वाचवायला पाहणारा कारागीर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथेच बसलेला असतो.

आता प्रश्न: ही होडी तीच का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न थीसियसच्या जहाजावरून शिकवतात. अथेन्सचे लोक त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवीत राहिले आणि विचारवंत वाद घालत राहिले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. १६५५ मध्ये हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? वर्गात या कोड्याची मजा वाटते. मला मात्र प्लेटोने सांगितलेली गोष्ट जास्त मोलाची वाटते. थीसियस आणि त्याच्याबरोबरचे तरुण-तरुणी वाचले तर दरवर्षी डेलॉस बेटाला यात्रा पाठवू, असा नवस अथेन्सने केला होता. ते जहाज जाऊन परत येईपर्यंत शहरात कोणाला देहदंड देत नसत. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसला शिक्षा झाली तेव्हा जहाज निघण्याच्या तयारीत होते, म्हणून त्याला सुमारे महिनाभर आयुष्य मिळाले. ‘फळ्या बदलल्या, आता हे ते जहाज नाही, नवस संपला’ असे अथेन्सने म्हटले नाही. माझ्या मते, ते जहाज तेच राहिले ते या नवसामुळे.

हे मी का उगाळतो आहे? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारूही आहे, हे तुम्हाला सांगायला नको. एखादा माणूस दारू सोडतो. पाच-सात वर्षे थेंबाला शिवत नाही. किराणा दुकानदार जुनी उधारी मागतो तेव्हा तो म्हणतो, ‘तो माणूस मेला, मी वेगळा.’ आणि वडिलांच्या शेताचा वाटा मागताना मात्र तो तोच असतो! तिकडे गाव म्हणते, ‘कसला बदललाय, दारुड्या तो दारुड्याच.’ मला दोन्ही बोलणी खोटी वाटतात. थॉमस अक्विनास वाइटाला स्वतंत्र वस्तू मानत नाही. असायला हवे त्याचा अभाव, असे म्हणतो. त्या अर्थाने कूज हा होडीचा भाग कधीच नव्हता, आणि दारू हे त्या माणसाचे नाव नव्हते. पण उधारी त्याचीच. होडीचा तळ बदलला म्हणून तिच्यावरचे कर्ज फिटत नाही.

आणि चांगले लाकूडही जाते, हे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. दारूबरोबर त्याचे जुने मित्र सुटतात, पारावरच्या हसण्या-गाण्याच्या संध्याकाळी सुटतात. त्यात सगळेच वाईट नव्हते. संध्याकाळी सात वाजता हे हात काय करणार, हा त्याचा प्रश्न खरा असतो. तेवढे महिने बगला धरून ठेवणारे कोणीतरी लागते. बहुतेक घरांत ती बायको असते, कधी म्हातारी आई. त्यांचे हात दुखतात, आणि ‘सुधारला’ म्हणून कौतुक मात्र त्याचे होते.

दुकानदाराने ती उधारी सोडून द्यावी का, असे मला विचारतात. ते दुकानदाराने ठरवायचे. तो सोडू शकतो. फेडणाऱ्याने मात्र ती सुटली असे आधीच धरून चालू नये. महिन्याला शंभर रुपये दिले तरी वहीत त्याच्या जुन्याच नावापुढे जमा होतात.