रात्रीच्या वॉर्डात वरिष्ठ कुठे असतात?

निवासी डॉक्टरांच्या संपाची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं: "आम्ही नाही का छत्तीस-छत्तीस तास ड्युट्या केल्या? डॉक्टर त्यातूनच घडतो." बोलणारे नावाजलेले असतात, म्हणून ते खरं वाटतं. पण ते खरं नाही. रिकाम्या जागांचं काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचं आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, हे याच वाक्याच्या आडून चालतं.

सर्जन हाल्स्टेड आणि फिजिशियन ऑस्लर यांनी 1889 पासून अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घालून दिलेली पद्धत वैद्यकीय वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. शिकाऊ डॉक्टरने रुग्णालयातच राहायचं आणि त्याच्यावरची जबाबदारी पायरीपायरीने वाढत जायची. आपण पहिली अट उचलली, दुसरी सोडून दिली. केंद्राच्या 1992 च्या निवासी योजनेत सलग 12 तास आणि आठवड्याला साधारण 48 तास काम असं लिहिलं आहे. ते बहुतेक कागदावरच राहिलं.

सगळे चुकीचा वाचतात तो टप्पा न्यूयॉर्कमधला आहे. मार्च 1984 मध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थपणा घेऊन रात्री रुग्णालयात दाखल झाली. तिला पाहणारी इंटर्न आणि दुसऱ्या वर्षाचा निवासी दोघेही शिकत होते. वरिष्ठ डॉक्टर फोनवर होते. ती नैराश्यावरचं फेनेल्झिन घेत असताना तिला पेथिडीन दिलं गेलं; ही दोन औषधं एकत्र घातक ठरू शकतात. सकाळी ती गेली. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं. बर्ट्रांड बेल यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली. जगाच्या लक्षात राहिला तो हा आकडा. पण त्याच नियमांत चोवीस तास वरिष्ठांच्या देखरेखीची सक्तीही होती. खुद्द बेल पुढे सांगत राहिले की तासांपेक्षा देखरेख महत्त्वाची. ते कुणी ऐकलं नाही, कारण तास मोजणं स्वस्त पडतं. रात्री वरिष्ठ ठेवायचा तर पदं भरावी लागतात.

2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली, तेव्हा आपल्याकडेही चर्चा आकड्यावरच अडकली. तास कमी व्हायलाच हवेत. पण आठ तास झोपून आलेला जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासीसुद्धा, रात्री तीन वाजता एकटा असेल, तर पेशंट सुरक्षित नाही.

मण्यार चावलेल्या पेशंटचं घ्या. दंशाची खूण दिसेलच असं नाही, सूजही नसते. आधी पापण्या जड होतात. मग एका श्वासात वीसपर्यंत मोजणारा माणूस बारावर थांबतो, थोड्या वेळाने आठवर. मानही उचलवत नाही. प्रतिविष चालू असतं, तरी श्वास मंदावतो. श्वासाची नळी आत्ता घालायची की अजून थांबायचं, हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्याने असे पेशंट पाहिलेत तो खाटेशेजारी उभा राहून दाखवतो, तेव्हा ते येतं. चूक झाल्यावर सकाळच्या राऊंडला बोलणी खाऊन येते ती नुसती भीती.

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या तालमीतसुद्धा नव्या पोराला कसलेल्या मल्लाशी एकटं भिडवून वस्ताद घरी जात नाही. जोड त्यानेच लावलेली असते आणि तो आखाड्याच्या कडेला बसलेला असतो.

2000 साली कोल्हापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), आपला थोरला दवाखाना, शिकवणारं रुग्णालय झालं. अशा कोणत्याही रुग्णालयात मध्यरात्री पेशंट घेऊन गेलेल्या माणसाला पहिला भेटतो तो शिकणारा डॉक्टर. त्याच्यावर हात उगारून काही सुधारणार नाही. मागणी वर न्यायला हवी: अध्यापकांची रिकामी पदं भरा, आणि रात्री प्रत्यक्ष हजर असणाऱ्या वरिष्ठाचं नाव वॉर्डाच्या दारावर लावा. कोल्हापूरने एकजुटीने आंदोलन करून शहरातला रस्त्यांचा टोल घालवला. ही मागणी त्याहून मोठी नाही, आणि तिच्यावर जीव अवलंबून आहेत.