औषधाचा शेवट कोठें होतो?



चांगल्या हेतूनें केलेल्या कामापासून अनर्थ घडला, तर करणाऱ्यास दोष लागतो कीं नाहीं? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखांत तो गिधाडांच्या रूपानें आपणांपुढें उभा आहे.

वडील माणसांस आठवत असेल कीं, पूर्वीं गांवांतलें ढोर मेलें म्हणजे तें गांवाबाहेर टाकीत, आणि पाहतां पाहतां आकाशांतून गिधाडें उतरून तें फस्त करीत. मागें हाडें तेवढीं राहत. पुढें हे पक्षी दिसेनासे झाले. पांढऱ्या पाठीचें गिधाड तर भारतांत १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत हजारीं एखादें उरलें.

खरें कारण २००४ सालीं उघडकीस आलें. पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें तपासतां त्यांच्या शरीरांत डायक्लोफिनॅक सांपडलें. हें वेदना व सूज उतरविणारें औषध. माणसांस उपयोगी पडलें, म्हणून पुढें गुरांसही देऊं लागले. औषध टोचल्यावर थोड्याच दिवसांत ढोर मेलें, तर औषधाचा अंश मांसांत राहतो. तें मांस खाल्लें म्हणजे गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात व तें मरतें. शंभर मेलेल्या ढोरांत एकांतही हा अंश असला, तरी गिधाडांचा वंश बुडण्यास तेवढा पुरे, असें गणित शास्त्रज्ञांनीं मांडलें.

अनर्थ पक्ष्यांपाशीं थांबला नाहीं. कुजणारीं ढोरें कुत्र्यांच्या वाट्यास गेलीं, पाणी नासलें, पिसाळलेल्या कुत्र्यांचें भय वाढलें. २००० ते २००५ ह्या काळांत ह्यामुळें सुमारें ५ लाख माणसें अधिक मेलीं असावीं, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केला.

आतां दोष कोणाचा? बैलाचें लंगडणें ज्यास पाहवेना त्या शेतकऱ्याचा, कीं औषध शोधून काढणाराचा? दोघांच्याही मनांत उपकारच होता. परंतु हेतूवरून मनुष्याची पारख होते, वस्तूची होत नाहीं. वस्तु आपल्या स्वभावाप्रमाणें वागते, आणि आपल्या हातून सुटल्यावर दुसऱ्याच्या ताटांत जाऊन पडते.

एखाद्यानें गांवासाठीं विहीर खणली, हें पुण्य खरें. पण कठडा बांधला नाहीं आणि रात्रीं कोणाचें मूल आंत पडलें, तर “मीं पाण्यासाठींच खणली” हें उत्तर त्या आईपुढें टिकेल काय? कठडा हा विहिरीचाच भाग होय. कोणतेंही औषध वा रसायन करणारानें त्याचा कठडा त्याच वेळीं बांधला पाहिजे. ही वस्तु काम झाल्यावर कोठें जाईल, कोणाच्या पोटांत जाईल, हें आधींच विचारलें पाहिजे.

कोणी म्हणेल, सर्व परिणाम अगोदर कोणास कळणार? खरें आहे. अज्ञानाची क्षमा असावी, परंतु न विचारण्याची नसावी. मेलॉक्सिकॅम नांवाचें औषधही गुरांची वेदना शमवितें. तें डायक्लोफिनॅकच्या जागीं सुचविण्यापूर्वीं गिधाडांस देऊन पाहिलें, आणि त्यांस अपाय झाला नाहीं, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफिनॅक बंद केलें. म्हणजे बैलही बरा व्हावा आणि पक्षीही जगावा, असा मार्ग होता. तो शोधण्याचे कष्ट मात्र आधीं कोणी घेतले नव्हते.

केवळ नांव बदलल्यानेंही भागत नाहीं. ॲसिक्लोफिनॅक हें निराळें औषध खरें, पण गाईच्या शरीरांत त्याचें डायक्लोफिनॅकच होतें. गुरांसाठीं त्याची बंदी २०२३ सालीं झाली. मध्यंतरीं माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गुरांस टोचीत, म्हणून २०१५ सालीं कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली. परिणाम कळल्यावर जो असें करतो, त्यास अज्ञानाची ढाल उरत नाहीं.

गडचिरोली जिल्ह्यांत वनखात्यानें गिधाडांच्या खाण्यासाठीं जागा राखून तेथें मेलेलीं ढोरें ठेवण्याचा क्रम आरंभिला. ढोर कोणतें औषध घेऊन मेलें, हें मालकासच ठाऊक असतें. म्हणून त्या पक्ष्यांचें जगणें गरीब शेतकऱ्याच्या खरें बोलण्यावर येऊन ठेपतें.

तेव्हां बंधूंनो, दया सोडूं नये. बैल दुखणाईत असतां त्यास औषध अवश्य द्यावें. पण पशुवैद्यास विचारावें कीं, हें औषध कोणतें? पिकावर फवारा मारण्यापूर्वीं विचारावें कीं, हें पाण्याबरोबर कोठें जाईल? हाच प्रश्न करणारानें कारखान्यांत विचारावा, आणि घेणारानें दुकानांत. डोळ्यांपुढील बैलापाशीं थांबते ती दया अर्धी होय. जो आपणांस दिसत नाहीं, त्याचाही विचार करील तेव्हां ती पुरी होईल.