पाणबुड्याचे घड्याळ

मला पोहता येत नाही. लहानपणी काकांनी एकदा विहिरीत ढकलले, तेव्हा नाकातोंडात गेलेले पाणी मी अजून विसरलेलो नाही. आणि माझ्या मनगटावर घड्याळ आहे ते तीनशे मीटर पाण्याचा दाब सोसण्यासाठी बनवलेले! ओमेगा सीमास्टर. नवे घेण्याची ऐपत शाळामास्तरला कोठली? एका कादंबरीवरून मालिका निघाली, चार पैसे आले, आणि आजवर माझ्या नायकांनीच केलेली चैन मी केली. तीही दुसऱ्याने वापरून सोडलेली.

या घड्याळाच्या तबकडीभोवती साठ मिनिटांच्या खुणांचे एक फिरते कडे असते. बुडी घेताना पाणबुड्या त्याची शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो; मग पाण्याखाली किती वेळ गेला ते नुसत्या नजरेने कळते. १९५३ साली ब्लांपां आणि रोलेक्स यांनी अशी घड्याळे घडवली. रोलेक्सचे कडे तेव्हा दोन्ही बाजूंना फिरे. माझे एकाच बाजूला फिरते. खडकाचा धक्का लागून ते सरकलेच, तर गेलेला वेळ आहे त्याहून जास्तच दिसतो, आणि माणूस लवकर वर येतो. चूक व्हायचीच, तर ती श्वासाच्या बाजूने व्हावी! वर्गात निबंधाला वेळ लावून देताना मी ते कर्र कर्र फिरवतो. त्यात मला होणारा आनंद माझ्या वयाला शोभणारा नाही.

पण या घड्याळाला पाठही आहे. झाकणावर दोन अद्याक्षरे आणि २००१ सालातली एक तारीख कोरलेली आहे. ती पाहून दुकानात मी लगेच म्हटले, "दुसऱ्याच्या नावाचे घड्याळ, भाव कमी करा." आठ हजार कमी झाले. दुकानदार अक्षरे घासून द्यायलाही तयार होता. मी बाणेदारपणे नको म्हटले आणि घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होतो. मग ध्यानात आले, आठ हजारही माझे आणि सज्जनपणाही माझाच!

रद्दीतल्या पुस्तकावर 'सप्रेम भेट' वाचून मला कधी अपराधी वाटले नाही. पण त्या दोन शब्दांवर बोट ठेवून मी किंमतही कधी पाडली नव्हती.

कोणी विकले असेल हे? कादंबरीकाराला कारणांचा तोटा नसतो. याहून भारी घड्याळ घ्यायचे म्हणून विकले असेल. इस्पितळाच्या बिलासाठी विकले असेल. ज्या दिवशी ते मिरवायचे असते, त्या दिवशी मला पहिले कारण पटते. कधी रात्री उशाशी त्याची टिकटिक ऐकू आली, की दुसरे. माझे कडे अजून दोन्ही बाजूंना फिरते.

गेल्या दिवाळीत, ते घेतल्याला जेमतेम आठवडा झाला होता, अभ्यंगस्नानाला जाताना मी ते काढून कोनाड्यात ठेवले.

"अहो, समुद्रात चालते ना? मग तांब्याभर पाण्याला का भिता?" ही म्हणाली.

जुन्या घड्याळातले रबर थकलेले असते, दाब तपासून घेतल्याखेरीज भरवसा धरता येत नाही, असे मी तिला समजावू लागलो. तिचे लक्ष नव्हते. पणतीच्या उजेडात घड्याळ उलटे धरून ती अक्षरे लावत होती.

"हे कोणाचे हो?" तिने विचारले.

अंगावरचे तेल सुकत चालले होते. मी न्हाणीघरात शिरलो.