आंबलेलं आणि नासलेलं

पाप म्हणजे काय, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. मी बी.कॉम. असल्यामुळे त्यातलं फारसं वाचलेलं नाही. पण आमच्या घरात या प्रश्नाचा निकाल रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात लागत असे. आई इडलीच्या पिठाच्या पातेल्यावरचं झाकण काढायची. पीठ वर आलेलं असलं की म्हणायची, "छान आंबलंय." मग शेजारच्या पातेल्यातला रात्रीचा भात हुंगायची आणि म्हणायची, "नासला." दोन्ही पातेली एकाच ओट्यावर, एकाच उकाड्यात रात्रभर उभी. दोन्हींत डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनी रात्रपाळी केलेली. पण एकाला देवघरापर्यंत मान आणि दुसऱ्याची रवानगी मोरीत! एकच रक्कम नावे टाकली की नुकसान आणि जमेला धरली की उत्पन्न, हे मी पुढे कॉलेजात शिकलो. आईला ते आधीपासूनच येत होतं.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो अमेरिकेत संगणकाचं उच्च शिक्षण घ्यायला गेला आणि दुसऱ्या वर्षी घरी बिअर करायला लागला. हे आम्हाला कळलं ते त्यानेच पाठवलेल्या फोटोवरून. फोटोत काचेची एक भलीमोठी बरणी, तिच्या तोंडाला वाकडी नळी आणि आत मातकट रंगाचं, फेसाळ काहीतरी. सौभाग्यवतींना वाटलं, पोराने लोणचं घातलं. ताईचा मात्र लगेच फोन आला. "अरे, पोरगा दारू गाळायला लागला!"

आता "दारू गाळणे" हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोगच असा आहे, की तो कानांवर पडताच डोळ्यांसमोर नाल्याकाठचा पिंप, गुळाचं सडकं रसायन आणि पाठोपाठ पोलिसांची गाडी उभी राहते. भाच्याने मला शास्त्र समजावलं. "मामा, मी गाळत नाही, आंबवतो. गाळायचं म्हणजे उकळून वाफ धरायची. इथे वाफेचा संबंध नाही." हा खुलासा मी ताईला कळवला. त्याने तिचं काडीचंही समाधान झालं नाही.

मग मी सगळी कृतीच विचारून घेतली. बँकेत असल्यामुळे कर्ज कशासाठी आहे ते पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही मला सवय आहे. कृती ऐकली आणि चकित झालो. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे आणि वाळवायचे. म्हणजे नाचणीच्या सत्त्वासाठी आपल्याकडे जे करतात, नेमकं तेच. ज्या मार्गाने आपण बाळाला बाळसं आणतो, त्याच मार्गाने जर्मनांनी बिअर आणली. नवशिक्यांना एवढा खटाटोप नको म्हणून या मोडांचा काकवीसारखा घट्ट पाक डब्यात तयार मिळतो. असा तीनेक किलो पाक पाण्यात कालवून तासभर उकळायचा. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं टाकायची, म्हणजे गोडपणा मारला जातो. मग एकूण एकोणीस लिटर भरेल इतकं पाणी घालून ते झटपट वीस अंशांपर्यंत निववायचं आणि यीस्टची अकरा ग्रॅमची पुडी सोडायची. झाकणाला एक नळी बसवायची. ती आतला वायू बाहेर जाऊ देते, पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. (आमचं मुख्य कार्यालय याच तत्त्वावर चालतं. परिपत्रकं बाहेर येतात, आत काही जात नाही.) दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या. सगळ्या घाण्यात मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आत साखर घालायची, म्हणजे बंद बाटलीत फेस धरतो. साखर जास्त पडली तर बाटल्या फुटतात. पुन्हा दोन आठवडे थांबायचं. असा महिना गेला की सुमारे पन्नास बाटल्या तयार.

आणि या सगळ्यात मुख्य काम कोणतं? भांडी घासणं! पातेलं, बरणी, नळी, बुचं, सगळं निर्जंतुक केलं नाही तर भलतेच जंतू शिरतात आणि एकोणीस लिटर माल वाया जातो. "मामा, बिअर यीस्ट करतं. मी फक्त धुतो," भाचा म्हणाला. इथे असताना याने स्वतःची ताटली कधी विसळली नव्हती. सातासमुद्रापलीकडे दारूने त्याला ती सवय लावली. आता याची नोंद कोणत्या बाजूला करायची?

बायेर्नच्या ड्यूकने १५१६ साली बिअर कशाची करावी याचा हुकूम काढला होता. त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्टचा उल्लेखच नव्हता, कारण ते काय असतं हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पाश्चरने बिअरच्या अभ्यासावर आपलं पुस्तक काढलं ते १८७६ साली. म्हणजे साडेतीनशे वर्षं सगळं काम करणाऱ्याचं नाव हजेरीपटावरच नव्हतं. क्लार्क माणसाला हे वाचून भरून येतं.

आता पहिला प्रश्न कायद्याचा. ताईचं म्हणणं, "गुन्हा आहे म्हणजे पापच." पण कायद्याने पाप मोजायला जावं तर मोठी पंचाईत होते. अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली. त्या काळात द्राक्षरसाच्या वाळवलेल्या विटा दुकानांत मिळत. त्यांवर सूचना असे, की ही वीट पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर तिची वाइन होईल! कृती सांगण्याची इतकी सोज्ज्वळ रीत मी दुसरी पाहिलेली नाही. १९३३ साली बंदी उठली. घरच्या वाइनला मुभा मिळाली, घरची बिअर मात्र राहूनच गेली. ती राहिली ती थेट १९७८ पर्यंत. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. म्हणजे साडेसातशे लिटर, दिवसाला दोन लिटरहून थोडी जास्तच. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचीदेखील इतकी खात्री नसते. तरी मिसिसिपी आणि अलाबामा ही राज्यं २०१३ पर्यंत अडून बसली होती. म्हणजे जे कृत्य रस्त्याच्या अलीकडे छंद होतं, तेच राज्याची सीमा ओलांडली की गुन्हा.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं महाराष्ट्रात गुन्हाच आहे. प्यायलाही परवाना लागतो, आणि तो मिळतो आरोग्य राखण्यासाठी! चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली, २०२१ साली उठली. सकाळच्या नीरेला सरकारी मान्यता असते. तीच नीरा उन्हात ठेवली की दुपारपर्यंत तिची ताडी होते. कोणी काही केलेलं नसतं, फक्त वेळ गेलेला असतो. आणि आमच्या आजीच्या उशाशी द्राक्षासवाची बाटली कायम असे. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं ते कधी वाचा. आपोआप तयार झालेला मद्यार्क, पाच ते दहा टक्के. भाच्याची बिअर पाच टक्क्यांच्या आतबाहेर. आजी जन्मभर एकादश्या करून गेली. तिच्याविषयी एक शब्द बोलाल तर खबरदार.

पण म्हणून कायदा मूर्ख, असं मी म्हणणार नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. रोजंदारीवर जगणारी माणसं होती ती, त्यांना कुणी छंद विचारला नव्हता. नियमाचं रूप कधी कधी हास्यास्पद असतं, पण बहुधा त्याच्या पोटात कुणाचं तरी मढं असतं. बँकेत वीस वर्षं नियमांची टिंगल करून मी एवढंच शिकलो आहे.

दुसरा प्रश्न "स्वतः केलं" याचा. यावर ताईचं मत अनपेक्षितपणे डळमळलं. मी तिला म्हटलं, "अगं, तो बारमध्ये जात नाही, घरीच करतो. बाहेरचं काही आणत नाही." ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो का? म्हणजे बाहेरची नाही ना?" मराठी आईच्या नीतिशास्त्राचा हा पाया आहे. बाहेरचं ते वाईट, घरचं ते चांगलं. बाहेरची भजी अपायकारक, घरची पौष्टिक, तेल तेच असलं तरी. पण हा पायाही टिकत नाही. घरी केल्याने वस्तू चोख होते हे खरं, पण तेवढ्याने ती चांगली होतेच असं नाही. खोट्या नोटासुद्धा लोक घरीच छापतात.

तेव्हा प्रश्न तसाच राहिला. आणि ताईच्या आवाजात जी भीती होती ती कायद्याची नव्हती, बाहेरच्याची नव्हती. ती आमच्या धाकट्या मामांची होती.

मामांचं नाव आमच्या घरात सहसा कुणी घेत नाही. देखणा माणूस. पेटी वाजवायचे, आम्हा मुलांना खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे. सुरुवात त्यांनीही बेताने केली होती, शनिवारची एक. मग शनिवार आठवड्यात दोनदा येऊ लागला, पुढे रोजच. आजीच्या पाटल्या गेल्या, मग पेटी गेली. मामी माहेरी गेली ती परत आलीच नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी मामा गेले. आज मी त्याच वयाचा आहे आणि मीही कुणाचा तरी मामा आहे, हे त्या दिवशी फोन ठेवल्यावर ध्यानात आलं.

मग मामा आणि भाचा यांत फरक काय? मी भाच्याच्या बाजूने विचार करून पाहिला. एक तर भाचा मोजतो. त्याच्याकडे दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखी काचेची कांडी आहे. ती आरंभी १.०४८ दाखवते, शेवटी १.०१२. त्यावरून किती साखर गेली आणि किती मद्यार्क झाला ते काढता येतं. दुसरं, तो थांबतो. महिनाभर बाटलीकडे बघत बसायची ज्याची तयारी आहे, तो तहानेने व्याकूळ झालेला नसतो. मामांना महिना सोडा, सहा वाजेपर्यंत दम निघत नसे. हिशेब आणि सबुरी, हे दोन्ही गुण आमच्या शाखेत कर्जदाराला पहिल्या फटक्यात मंजुरी मिळवून देतील.

पण ताळेबंद जुळला म्हणजे धंदा चांगला असतोच असं नाही, हे कॉमर्सवाल्याला सांगावं लागत नाही. ती कांडी बरणीत बुडते, माणसात बुडत नाही. माणसातली साखर किती शिल्लक आहे, ते दाखवणारं यंत्र कुणी काढलेलं नाही. मामाही मोजायचे. फक्त रोज नव्याने मोजायला सुरुवात करायचे.

यीस्टची गोष्ट या बाबतीत मोठी बोधप्रद आहे. ते साखर खातं, मद्यार्क करतं, वाढतं, पुन्हा खातं. साखर अमाप असली तर एक वेळ अशी येते, की स्वतःच केलेला मद्यार्क त्याला सोसत नाही आणि ते त्यातच थंड पडतं. बिअरमध्ये मात्र सहसा ती पाळी येत नाही, कारण आधी साखरच संपते. मग यीस्ट तळाशी शांत बसून राहतं. मला हे यीस्ट अगदी मध्यमवर्गीय वाटलं. आपल्यातल्या कितीतरी जणांचं शील हे असंच असतं. मोह संपत नाही, वीस तारखेला पगार संपतो. आणि मग तळाशी बसून आपण वरच्यांना नीती शिकवतो. जो मोहात पडायला गेलाच नाही त्याच्या निर्मोहीपणाला किती गुण द्यायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी स्वतः दारू पीत नाही, आणि त्यातलं शील किती आणि गृहकर्जाचा हप्ता किती, ही रक्कम गेली कित्येक वर्षं मी सस्पेन्स खात्यात ठेवली आहे.

निकाल शेवटी ताईनेच लावला. परवा तिने भाच्याला फोन केला. कायदा काढला नाही, मामांचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "एकटा असताना पितोस का रे?"

तो म्हणाला, "नाही गं. पन्नास बाटल्या एकट्याने कशा संपणार? शनिवारी मित्र येतात."

"आणि एखाद्या शनिवारी कुणीच आलं नाही तर?"

तिकडे जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, "तर बाटल्या तशाच राहतात, आई. राहिल्या की अजून चांगल्या लागतात."

हे खरं की खोटं, आठ हजार मैलांवरून कोण तपासणार? बँकेत आम्ही सही ताडून पाहिल्याशिवाय पैसा सोडत नाही. पण क्रेडिट हा शब्द मूळचा लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ "तो विश्वास ठेवतो" असा आहे. कॉमर्सच्या सगळ्या अभ्यासात मला पटलेलं वाक्य हे एवढंच. ताईने विश्वास ठेवला. मग जरा वेळाने, जगातल्या कुठल्याही पदार्थाबाबत आई जे शेवटी सांगते तेच तिने सांगितलं, "बाटल्या नीट उकळत्या पाण्याने धूत जा हो."